साजाचं पान आणि दुधाचं माप

माझ्या सासूबाईंना कुणी विचारलं, सून कुठं नोकरीला असते, तर त्या सांगायच्या, "लॅबोरेटरीत हाय. मोडायला जाती." समोरची बाई गोंधळून माझ्याकडे बघायची. मी नुसती मान डोलवायची, कारण त्यात खोटं काही नव्हतं. नोकरीभर मी तेच केलं. दुधातल्या, डाळीतल्या, औषधातल्या प्रथिनांचे तुकडे मोडायचे आणि मोडल्यावर काय काय बाहेर पडतं ते बघायचं.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. माझं शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलं. कळंब्याच्या रस्त्याला एका संस्थेनं तपासणीची प्रयोगशाळा काढली, तिथं नव्वदच्या दशकात मी काचेची भांडी धुवायला लागले. भांडी धुताना माणूस मोकळा असतो, कान उघडे असतात. विचारायची मला लाज नव्हती. कुणी सांगितलं तर सांगितलं, नाही तर बाटल्यांवरची लेबलं वाचायची. असं करत करत नमुने तयार करायला शिकले, मग यंत्रावर बसायला शिकले.

पण खरं सांगू का, मोडण्याचं पहिलं शिक्षण माझं माहेरीच झालेलं. आमचं माहेर कोल्हापूरच्या गुजरीतलं, सोनारांच्या गल्लीतलं. वडील पटवेकरी, म्हणजे सोनारानं घडवलेले मणी आणि पानं रेशमात ओवून दागिना गाठवून देणारे. कोल्हापुरी साज गाठवण्यात त्यांचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं, असं निदान ते तरी म्हणायचे. जुना साज दुरुस्तीला आला, की आधी तो सोडवावा लागे. मी लहानपणी एकदा घाईनं दोरा हिसडला, तर सगळी पानं टपटप गळून पडली आणि मण्यांची ओळ मात्र तशीच्या तशी हातात राहिली. वडील रागावले नाहीत. म्हणाले, "आता कुठलं पान कुठं व्हतं, सांग बघू. साज हिसडायचा न्हाय, पोरी. दोन मण्यांच्या मधी, गाठीत कापायचा. पान मण्याला धरून ऱ्हातंय." पुढं नोकरीत शिकले ते एवढंच, फक्त इंग्रजी नावांनी.

आता यंत्राचं सांगते. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. मण्यांचे प्रकार विसेक, पण ओवायची तऱ्हा हजार. एवढी लांब माळ एकदम वाचता येत नाही, म्हणून एका पाचक रसात ती रात्रभर ठेवायची. तो रस ठरावीक मण्यापाशीच कापतो. सकाळी छोटे छोटे तुकडे मिळतात. ते तुकडे यंत्रात सोडायचे, त्यांच्यावर विजेचा भार चढवायचा आणि हवा काढून टाकलेल्या पोकळीतून पळवायचे. कसे पळतात त्यावरून यंत्र त्यांचं वजन सांगतं. पडद्यावर एकेक टेकडी उठते, एक टेकडी म्हणजे एका वजनाचा तुकडा.

पण नुसत्या वजनानं भागत नाही. दोन साज एकाच वजनाचे असले म्हणून ते एकच साज होत नाहीत. म्हणून तो तुकडा यंत्राच्या आतच पुन्हा मोडायचा. त्याची जुनी रीत अशी, की आत थोडा वायू सोडायचा आणि त्या वायूवर तुकडा आपटू द्यायचा. आपटून आपटून तो तापतो, थरथरतो आणि जिथं कच्चा असेल तिथं तुटतो. कमी जोर लावला तर ढिम्म हलत नाही, जास्त लावला तर भुगा. बरोबर जोर बसला, की कुठं एक मणी कमी, कुठं दोन कमी, असे तुकडे मिळतात आणि त्यांच्या वजनातल्या फरकावरून मण्यांची ओळ वाचता येते. जोर किती लावायचा याचा अंदाज बसायला मला वर्षं गेली. भाकरी कधी उलटायची हे जसं पुस्तकातून कळत नाही, तसंच ते.

या रीतीनं आम्ही पुष्कळ कामं केली. एकदा एका तालमीचे वस्ताद पावडरीचा मोठा डबा काखेत मारून आले. डब्यावर पिळदार दंडांचं चित्र. म्हणाले, "बाई, आमची पोरं दुधाची ताकद म्हणून ह्यो खात्यात. अंगाला काय लागंना. खरं हाय का बघा." आम्ही तुकडे करून मोडले, ओळी वाचल्या. आत दूध औषधालाही नव्हतं, सगळं सोयाबीन. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे पोरं आमची एवढं दीस घुगऱ्या खाईत हुती म्हणा की." मी म्हटलं, व्हय. ते म्हणाले, "मग घुगऱ्या वाईट न्हाईत. पर ह्यो दंडाचा फोटू कशाला?" आणि डबा तिथंच ठेवून गेले. त्यात आम्ही पुढं बरीच वर्षं कापूस ठेवायचो.

ही रीत जिथं फसते तो प्रकार दुधात आहे. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाच्या माळेला जागोजागी फॉस्फेटचे झुबके लटकलेले असतात. आता झुबकेवाला तुकडा वायूवर आपटला तर काय होणार? साज हिसडल्यावर झालं तेच. झुबका आधी गळतो, सगळा जोर त्यातच संपतो आणि माळ जशीच्या तशी राहते. पडद्यावर झुबका गळाल्याची एक भली मोठी टेकडी दिसते आणि बाकी सगळं गवत. मण्यांची ओळ काही वाचता येत नाही.

हे एवढं पाल्हाळ लावलं, कारण शिवक्कांची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. आमच्याकडे सुजाता मॅडम प्रमुख म्हणून आल्या होत्या. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान, बेंगळूरला शिकलेल्या, मला अक्का म्हणायच्या. त्यांनी संस्थेच्या मागं लागून नवं यंत्र आणवलं होतं. त्या यंत्रात मोडायची दुसरी रीत होती. तिची अजून आमच्या हाताला सवय झाली नव्हती.

अशात एक दिवस कुरुंदवाडकडच्या एका गावातून दूध संस्थेचे सेक्रेटरी आप्पासाहेब आले. हातात बर्फात ठेवलेल्या, लाखेनं बंद केलेल्या दोन बाटल्या. त्यांच्या मागून शिवक्का. उंच, काळ्यासावळ्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. घरची भाषा कानडी, बाहेरची मराठी, आणि दोन्हींत आवाज एकच, शेताच्या दुसऱ्या बांधाला ऐकू जाईल असा.

आप्पासाहेब म्हणाले, "ह्या बाईच्या दुधाचं फॅट उतरलंय. म्हशीच्या दुधात गाईचं घालती असा संशय हाय. संस्थेच्या मीटिंगीला रिपोर्ट पायजे. घालत असंल तर नाव कमी करायचं ठरलंय."

"चारा बदलला, फॅट उतरलं," शिवक्का म्हणाल्या. "दरसाल उतरतंय. तुमाला औंदाच दिसलं."

"आणि दारात गाय हाय, ते सांग की त्यांस्नी."

"हाय की. न्हाय कोण म्हणतंय? नातवंडं पित्यात तिचं दूध. गाय दारात बांधली म्हणून म्हशीच्या कासंत शिरती व्हय?"

त्या गावात दूध घेणारी दुसरी संस्था नव्हती. नाव कमी झालं, की म्हशी बाजाराला. शिवक्कांचं घर त्या म्हशींवर चालत होतं. मुलगा होता तो दूर नोकरीला, त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. पण त्या स्वतः म्हशींचं बोलल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. "तंगी, बघ," त्या म्हणाल्या. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. "रोज सांजसकाळ मी लायनीत ऱ्हातो. माझी पाळी आली की मी म्हणतो, माप आधी पालथं करून दावा. माझ्या म्होरल्याचं दूध मापात ऱ्हायलं असंल तर ते माझ्या नावावर नको, आणि माझं म्हागल्याच्या नावावर नको. ह्यो आप्पा हसतोय. म्हणतोय, तुझ्यापुरतं येगळं माप करू काय? कधी पालथं करत न्हाय. आणि मीच मिसळतो म्हणं."

शिवक्कांची भाची कळंब्यात राहत होती. "रिपोर्ट लागंपातूर मी हितंच," म्हणून त्या तिच्याकडे उतरल्या आणि रोज सकाळी आमच्या दारातल्या बाकावर येऊन बसू लागल्या.

आम्ही एक बाटली फोडली, तुकडे व्हायला रात्र गेली. गाईच्या आणि म्हशीच्या केसीनमध्ये फरक फार थोडा. झुबकेवाल्या एका तुकड्यात एकच मणी वेगळा असतो, त्यानं वजनात फरक पडतो. पडद्यावर म्हशीची टेकडी ही उंच उठली. आणि तिच्या शेजारी, बरोबर गाईच्या वजनावर, एक बारकी टेकडी.

निकाल बघायला आप्पासाहेब पुन्हा आले होते, मागं उभे होते. "ती बारकी कशाची?"

"अजून सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कशाचंही तेवढंच वजन असू शकतं."

"बारकी का हुईना, टेकडी हाय का न्हाय?"

"आहे."

"झालं मग." ते दुपारच्या गाडीनं गेले आणि गावात जे सांगायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिवक्कांच्या भाचीला निरोप आला, की घरून गेलेलं दूध संस्थेनं परत पाठवलं. सून त्याचं लोणी काढत बसली होती.

आम्ही ती बारकी टेकडी जुन्या रीतीनं मोडून पाहिली. झुबका गळाला, बाकी गवत. जोर कमी केला, जास्त केला, काही उपयोग नाही. मग मॅडम म्हणाल्या, "अक्का, नवी रीत लावू या."

नवी रीत अशी. तुकडा कशावर आपटायचा नाही, तापवायचा नाही. त्याच्या अंगावर विजेचा धन भार असतो, त्याला एक इलेक्ट्रॉन द्यायचा. इलेक्ट्रॉन मिळाला, की माळ दोन मण्यांच्या मध्ये तुटते, आणि इतक्या चटकन तुटते की झुबक्याला धक्का पोचेपर्यंत काम झालेलं असतं. झुबका आपल्या मण्याला धरून राहतो. ही रीत सगळीकडे चालत नाही, तुकड्यावर भार भरपूर लागतो आणि धीरही लागतो. पण मॅडमनी मला हे पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे गाठीत कापायचं." त्यांना माझ्या वडिलांबद्दल ठाऊक नव्हतं. मग तो सगळा किस्सा सांगणं आलं.

त्या दिवशी टेकड्या एकामागून एक अशा सुरेख उठल्या, की मी ओळ बोटानं वाचत गेले. मणी, मणी, झुबकेवाला मणी, पुन्हा मणी. आणि ज्या मण्यात गाय आणि म्हैस वेगळी होते, तिथं आलो.

गाय होती. शंकेला जागा नव्हती.

मॅडमनी ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "रिपोर्ट लिहायला घेते." मी बाहेर गेले. शिवक्का बाकावर होत्या. मी काय सांगणार होते देव जाणे, पण माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं.

"गाय निघाली?"

"निघाली, अक्का."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. मग उठून आत आल्या, चपला दाराबाहेर काढून. मॅडमना म्हणाल्या, "बाई, ह्या तुमच्या मशीनीचं माप पालथं करून दावा."

मॅडमना आधी अर्थच लागला नाही. मी सांगितला. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, पण त्यांनी शिवक्कांना खुर्ची दिली. म्हणाल्या, "आम्ही पालथं करतो, मावशी. प्रत्येक नमुन्याआधी नुसतं पाणी घालून कोरी फेरी चालवतो. दाखवते." कोरी फेरी चालवली. पडदा सपाट. ना गाय, ना म्हैस.

"बघितलंत? काही उरलेलं नाही."

शिवक्कांनी पडद्याकडे बघितलं, मान हलवली आणि मुकाट्यानं बाहेर गेल्या. त्यांचं ते मुकाट्यानं जाणं मला सोसवेना. इतका वेळ आवाज असणारं माणूस.

मी भांडी धुवायला मोरीवर गेले. चैन पडेनासं झालं, की मी अजूनही भांडीच धुते. तुपाचं पातेलं पाण्यानं कितीही विसळा, पाणी स्वच्छच पडतं, म्हणून पातेलं स्वच्छ असतं का? त्यात गरम आमटी ओतली, की वर तुपाचे डोळे येतात. एवढंच मनात आलं आणि हात थांबला. आत जाऊन मी मॅडमना हे पातेल्याचं सांगितलं. त्या लिहीत होत्या. पेन खाली ठेवून त्यांनी यंत्राच्या नळीकडे पाहिलं. बारीक, पोलादाची नळी.

"अक्का," त्या हळूच म्हणाल्या, "हे झुबके पोलादाला चिकटतात. मी वाचलंय. आणि आपण रोज सकाळी यात काय घालतो?"

रोज सकाळी आम्ही बोहनी करायचो. म्हणजे यंत्र नीट चालतंय का हे बघायला ओळखीचा माल घालायचा. सगळीकडे असा माल ठेवतात. आमच्याकडे परदेशातून बाटलीत यायचा, पांढरी भुकटी. गाईचं केसीन.

चिकटलेला माल पाण्यानं सुटत नसेल, पण दुधातल्या फॉस्फेटनं सुटून येत असेल तर? हे नुसतं वाटून भागणार नव्हतं, दाखवायला हवं होतं. त्यासाठी असं म्हशीचं दूध हवं होतं, की ज्यात गाईचा थेंब असण्याची शक्यताच नाही. मॅडम म्हणाल्या, "असं दूध कुठून आणायचं? प्रत्येक जण शपथ घेईल."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही कोल्हापुरात राहता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगावेशीतल्या कट्ट्यावर गेले. तिथं म्हशी उभ्याच असतात, गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. मी माझी धुतलेली बाटली पुढं केली. म्हशीवाला म्हणाला, "पेल्यातनं प्या की, मावशी. बाटलीत कशाला घालताय?"

"मशीनीला पाजायचंय."

"मशीनीला?" त्यानं धार थांबवली नाही. "मग साखर नको असंल."

बाटली छातीशी धरून मी रिक्षानं लॅबोरेटरीत आले. शिवक्का बाकावर होत्याच. मी त्यांना काही सांगितलं नाही. आशा लावून ठेवायची आणि ती मोडायची, हे पाप कशाला? तुकडे व्हायला एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी कोरी फेरी चालवली, सपाट. मग कट्ट्यावरचं दूध घातलं. माझ्या डोळ्यांदेखत म्हशीच्या कासेतून बाटलीत पडलेलं दूध.

म्हशीची टेकडी उंच उठली. शेजारी बारकी टेकडी. मोडून वाचली. गाय.

मी आयुष्यात कुठल्या टेकडीला बघून एवढी हसले नसेन. मॅडमनी स्वतः जाऊन शिवक्कांना आत आणलं आणि म्हणाल्या, "मावशी, गाय आमची आहे. आमच्या नळीला चिकटली होती."

शिवक्कांनी विचार केला. "म्हंजे माप पालथं केलं, पर कडेला लागल्यालं ऱ्हायलं."

"तसंच."

"मग खरवडा."

खरवडून भागणार नव्हतं. नळी बदलली, पोलादाची काढून दुसरी घातली, आणि बोहनीचा माल बदलला. घोड्याच्या स्नायूतलं एक प्रथिन अशा कामाला वापरतात, ते मागवलं. हे ऐकून शिवक्का म्हणाल्या, "आता माझ्या दुधात घोडा निघाला म्हणू नगा म्हंजे झालं."

हे सगळं होईपर्यंत शिवक्का गावी जाऊन आल्या, आणि मीटिंग पुढं ढकला म्हणून मॅडमनी संस्थेला फोन केला. मग दुसरी, न फोडलेली बाटली काढली, जी इतके दिवस बर्फाच्या कपाटात होती. मनात धाकधूक होतीच. गाय खरोखर दारात होती. नळी आमची घाण असली, म्हणून दूध निर्मळच असेल असं थोडंच आहे? मॅडम तसं शिवक्कांच्या तोंडावर म्हणाल्या. शिवक्का म्हणाल्या, "बघा की. त्यासाठीच आलोय."

म्हशीची टेकडी उठली. शेजारी काही नाही. पुन्हा चालवलं. काही नाही. सपाट माळरान.

रिपोर्ट मॅडमनी लिहिला, आणि आधीची बारकी टेकडी आमच्याच यंत्रातली होती, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. तसं लिहिणारी माणसं मी नंतर फार पाहिली नाहीत. रिपोर्ट पोस्टानं जाणार होता. मी म्हटलं, मी घेऊन जाते. संध्याकाळच्या एसटीनं शिवक्कांबरोबर गेले, त्यांच्या घरी राहिले. गाय पाहिली, म्हशी पाहिल्या. नातवंडांनी म्हशींची नावं सांगितली, ती सगळी नट्यांची होती.

सकाळी दूध घालायच्या वेळी आम्ही संस्थेवर गेलो. लाईन लागलेली. आम्ही दिसलो तशी कुजबूज थांबली. मी आप्पासाहेबांच्या हातात रिपोर्ट दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, शिवक्कांकडेही नाही. "बरं झालं," एवढंच म्हणाले. मला राग आला. चार लोकांसमोर संशय घेतला, तर चार लोकांसमोर बोला की.

शिवक्का लाईनीत मागं जाऊन उभ्या राहिल्या. पाळी आली. त्यांनी घागर खाली टेकवली. नेहमीचं वाक्य त्या बोलतील म्हणून मी वाट बघत होते, सगळेच बघत होते. त्या गप्प उभ्या राहिल्या.

माप घेणाऱ्या माणसाच्या हातातून आप्पासाहेबांनी माप काढून घेतलं. बादलीतल्या गरम पाण्यात बुडवलं, आतून हात फिरवला, कडेनं फिरवला. मग शिवक्कांच्या डोळ्यांसमोर धरून ते पालथं केलं आणि तसंच धरून ठेवलं, शेवटचा थेंब जमिनीवर पडेपर्यंत.

शिवक्कांनी घागर उचलली.